एक्केचाळीस

मैदानावर मी वेंडेल कुचेराला चार वर्षं
जास्त करून उलटाच पाहिला.
सेंटरचं कामच तसं. आमच्या फुटबॉलला पाय क्वचितच लागतो;
वाकायचं, लांबट चेंडूवर पंजा ठेवायचा
आणि स्वतःच्या मांड्यांमधून मागे बघायचं.
तिथे तो, बूट वर, डोकं खाली,
डोक्याच्याही खाली नेब्रास्काचं आभाळ.
मनगटावर पट्टी, पट्टीवर बहात्तर चाली, मुंगीएवढ्या अक्षरांत.
त्र्याहत्तरावा चौकोन रिकामा.
त्यात तो पेनाने त्या आठवड्याचं अडलेलं गणित लिहायचा.

गावात म्हणायचे, पोरगा दोन्ही डगरींवर हात ठेवतोय,
मध्ये पडेल एक दिवस.
पण आमची प्लॅट नदी गुडघाभर.
पडला असता तरी चालत बाहेर आला असता,
पँट पिळत, पाण्याचा वेग मोजत.

रात्रीच्या बसमध्ये सगळे
गुडघ्यांना बर्फाच्या पिशव्या बांधून घोरायचे,
सातव्या रांगेत तेवढा त्याचा दिवा.
मी संख्याशास्त्रात दोनदा नापास.
तो म्हणाला, शेंगदाणे आण.
मांडीवर शेंगदाणे मांडून त्याने मला शक्यता शिकवली;
मी चुकलो की एक खायचा.
घर येईपर्यंत पाकीट संपलं.
मला सी मिळाला. आईने तो फ्रिजवर लावला,
अजून आहे.

प्राध्यापक ओसुंडे दर शनिवारी तिकीट काढून यायच्या.
खेळ कळत नसे, टाळ्या भलत्याच वेळी.
मूळ संख्यांवरचा त्याचा निबंध
त्यांनी तीनदा परत केला होता:
‘इथे घाई केलीस.’ लाल शाई.

नोव्हेंबर. शेवटचा सामना, शेवटचं सत्र.
समोरचा माणूस निसटला. माझ्या समोरचा.
हे मी कुणाला सांगितलं नाही, सगळ्यांनी पाहिलंच होतं.
गोठलेल्या जमिनीवर मक्याचं पोतं टाकावं
तसा आवाज.
वेंडेल उठला, हसला, अंगठा वर केला.
लोक वेडे झाले.

आम्ही डोकी जुळवून गोल उभे, तो पुटपुटत होता.
मला वाटलं, चाल सांगतोय.
दोन, तीन, पाच, सात…
एकतीस, सदतीस, त्रेचाळीस.
थांबला. परत पहिल्यापासून.
सदतीस. त्रेचाळीस.
माझ्याकडे पाहिलं, माझं नाव शोधत असल्यासारखं,
आणि म्हणाला,
मध्ये काहीतरी होतं ना रे?

हेल्मेट काढून तो स्वतः चालत बाहेर गेला.
चार गुणांनी मागे आम्ही, नऊ मिनिटं हातात.
प्रशिक्षकांनी विचारलं, बोटं किती?
बोटं बरोबर आहेत, तो म्हणाला,
माझा एक आकडा गेलाय.

वरून कुणीतरी शिवी हासडली. मग सगळं चिडीचूप.
आणि त्या शांततेत एकट्या ओसुंडे बाई
उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या,
परत भलत्याच वेळी,
असं तेव्हा वाटलं.

हरलो अर्थात.
आकडा पंधरा दिवसांनी परत आला,
बुधवारी, कॅन्टीनमध्ये, उकडलेले बटाटे खाताना.
एक्केचाळीस, तो म्हणाला,
आणि मीठ मागितलं.
मी बरणी उचलली,
सवयीने हात मागे गेला.
तो समोर बसला होता.