चतुःसीमा

तालुक्याहून तक्ता आलाय, बावीस रकान्यांचा.
शुक्रवारपर्यंत भरून पाठवायचाय.
गावाचं नाव : कांदळकोंड.
इथपर्यंत सोपं होतं.

पूर्वेस सडा. उघडा जांभा,
चैत्रात अनवाणी उभं राहिलं तर
नाचल्यासारखे पाय उचलावे लागतात.
पाऊस सरता सरता त्यावर बोटभर उंचीची
जांभळी फुलं येतात, महिनाभर.
ती कुठल्या रकान्यात टाकायची, ठाऊक नाही.

दक्षिणेस खतिबांचं आगर, नारळ एकशे साठ,
पैकी अकरा माकडांचे,
असं अब्दुलहमीदचाचा शपथेवर सांगतात.

उत्तरेस व्हाळ. पलीकडे तालुका बदलतो.
इकडची कोंबडी तिकडे अंडं घालून आली
की भांडण दोन कचेऱ्यांत जातं.

पश्चिमेस खाडी,
लिहिलं, आणि खोडलं.

कारण खाडीच्या अलीकडे खारबांध आहे,
आणि बांधाच्या उघाडीवर तानू डिंगणकर,
झापांच्या खोपीत.
ओहोटीला फळ्या वर, भरतीला फळ्या खाली.
घड्याळ नाही. तिथी आणि डाव्या गुडघ्यातली कळ.
घरटी एक पायली भात, वर्षाचं.
त्याचा बापही हेच करायचा.
शासनाच्या यादीत असं पद नाही,
म्हणून मी त्याला 'इतर' मध्ये घातलाय.

क्षेत्रफळ, हेक्टरमध्ये.
सातबाऱ्यांची बेरीज एकोणचाळीस.
तानूला विचारलं, तर म्हणाला,
"कुठल्या वेळचं सांगू?"

मुख्य पीक : भात.
वाण : राता. लाल, कुसळाचा, उंच, वाऱ्यानं आडवा होणारा.
दुसरी सगळी वाणं इथे पिवळी पडतात;
कृषी सहाय्यकांनी तीन वर्षं तीन पिशव्या दिल्या, तिन्ही पडल्या.
हा मात्र खारटाणात पाय रोवून उभा.
द्रुपदाकाकी म्हणते, पेजेत मीठ बेतानं घाल गो,
तांदूळ थोडं घरून घेऊन येतो.
वरच्या अंगाला नाचणी, वरी, थोडा कुळीथ,
आणि रानडुकरं.

लोकसंख्या : जनगणनेत चारशे बारा.
गेल्या बुधवारी मी मोजली, एकशे अठ्ठ्याण्णव,
एक गरोदर.

नैसर्गिक आपत्ती, असल्यास तपशील.
तीन ओळींची जागा आहे.

तीन वर्षांपूर्वी, पिठोरीच्या रात्री, उधाणाला बांध फुटला.
जुना रिवाज असा की
चुलीमागे एक माणूस आणि एक टोपली.
त्या रात्री चुली त्रेचाळीस पेटत होत्या, पुरुष नऊ,
त्यातले चार सत्तरीपुढचे, एक बीडचे गुरुजी,
ज्यांनी समुद्र याआधी सहलीत पाहिला होता.
माती टाकली, वाहून गेली.
पेंढ्याच्या मोळ्या टाकल्या, त्या तर पोहत गेल्या.
मग झैबुन, कुवेतहून महिन्याच्या रजेवर आलेली,
टॉर्च धरून म्हणाली,
एवढी घरं बंद आहेत, त्यांच्या दारांचं काय करता?

कुणी काही बोललं नाही.
तानू पहार आणायला गेला.

पहिलं दार माझ्या काकाचं. मीच दाखवलं.
सागवान, जड, सहा बायकांना उचलेना.
एक तर चौकटीसकट उपटलं, कुलूप तसंच.
चिखलात उभी रोवली, मागे दगड, पुढे कांदळाच्या मेखा.
पहाटे पाणी दाराशी आलं
आणि थांबलं.

चार दिवसांनी गणपतीला मंडळी उतरली.
वसंत भुवड तक्रार लिहून घे म्हणून माझ्यासमोर बसला.
नाव, पत्ता सांगितला. मग म्हणाला, आलोच.
बांधावर गेला. बराच वेळ गेला होता.
आला तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली.
पाच दिवस दाराला चादर लावून राहिला,
आरतीला वाऱ्यानं ती आत यायची.

तीन ओळीत एवढंच बसलं :
बांध फुटला. बांधला. भात वाचलं, निम्मं.

आणि पश्चिमेस,
खोडलेल्याच्या वर, बारीक अक्षरात :
दारं, नऊ.
एकाला अजून कुलूप आहे, गंजलेलं.
किल्ली वसंतकडे,
डोंबिवलीत.