तळव्यातली वाट

गोकुळपेठेत सुकरूभाऊंनी बूट उलटा केला,
कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला
आणि वाचायला लागले.

"हा काळा चुरा मनसरच्या टेकडीचा.
टाच बाहेरून झिजली, म्हणजे उतरताना धावता.
अन् हे काय जी?"

आरीच्या टोकावर
पऱ्हाटीच्या कोवळ्या बोंडाची चेंदलेली फाक.

"धुऱ्यानं नाही गेले. वावरातून गेले."

वाट सापडली नाही, मी म्हणालो.
सापडली होती.
ऊन होतं, आणि तलाव समोरच दिसत होता.

ते पुढं बोलले नाहीत.
मेणाचा दोरा दातात धरून
सोल शिवत राहिले, घट्ट,
दोन पावसाळे पुरेल असा.
सुट्ट्या पैशांसोबत
कागदाच्या पुडीत ती फाक परत दिली.
"कोणाची आहे, विचारून या."

रविवारी गेलो.
धुऱ्याधुऱ्यानं, लांबचा वळसा,
मोज्यात कुसळं.
काट्यांचा झापा उघडला,
होता तसा ओढून लावला.
वावरात कोणी नव्हतं.
पळसाखालचं कुत्रं तेवढं उठलं,
बुटांचा वास घेत राहिलं बराच वेळ,
मग जागेवर जाऊन बसलं.

पुडी अजून खिशात आहे.