कोट नंबर सत्तावीस

इंचनच्या भुयारी बाजारात, सहाव्या जिन्यापाशी
पालिकेने दुकान काढलंय.
मुलाखतीसाठी कोट मिळतात. फुकट. चार दिवस.
परत आणताना इस्त्री करू नये, ही पाटी माझी.
पोरं घाईत कापड जाळतात.

माझं काम बाह्यांचं.
कुणाच्या अर्धा इंच सोडायच्या, कुणाच्या दुमडायच्या.
धावता टाका, ओढला की सुटणारा,
कारण कोट कुणाचाच नाही.
एकतीस वर्षं कारखान्यात पक्के टाके घातले मी.
मग कारखाना जहाजात बसून दुसऱ्या देशी गेला,
मी राहिले, सुईसकट.

आणि खिसे तपासायचे, हेही काम.
काय काय निघतं!
पोटाच्या गोळ्यांचं रिकामं पान.
बसच्या थांब्यांची नावं, मिनिटांसकट.
एका कागदावर, सुबक अक्षरात:
माझा दोष म्हणजे मी फार मन लावून काम करतो.
त्यावर काट.
खाली: मला झोप लागत नाही.
त्यावर दोनदा काट.
यॉत निघते, तांदळाची चिकट वडी,
आया देतात, जागेला चिकटून बसावं म्हणून.
त्या सकाळी शेवाळाचं सूप मात्र वाढत नाहीत,
माणूस घसरतो म्हणे.
वडी जागेला नाही, अस्तराला चिकटते.
मी कोमट पाण्याने सोडवते.

सत्तावीस नंबर गडद निळा,
डाव्या काखेत माझं रफू.
मंगळवारी प्यो गारम घेऊन गेला.
बत्तीस वर्षांचा, मान पुढे काढून चालतो,
नवव्यांदा आलेला.
मागच्या खेपेला मुलाखत यंत्राने घेतली त्याची.
"डोळे हलतात म्हणे माझे, मावशी.
कुणाचे हलत नाहीत?"
शुक्रवारी कोट परत. खिशात चिठ्ठी:
शीतगृह कंपनी, उमेदवार ११८.

शनिवारी तोच कोट बांग सोकजूने नेला.
मंगळवारी परत. खिशात चिठ्ठी:
शीतगृह कंपनी, उमेदवार २०४.

जागा एक. ती मला सोकजूनेच सांगितली होती,
बाही मोजताना, हात सरळ धरून,
जणू मीच मुलाखत घेतेय.

दोन्ही चिठ्ठ्या मी शिलाई यंत्रावर शेजारी ठेवल्या.
म्हणजे एकच कोट
त्याच खोलीत दोनदा जाऊन बसला,
त्याच लोकांसमोर,
आणि दोनदा ऐकून आला
की पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता.
तो काय पाहणार? हँगरवर.
कुणी ओळखला असेल का त्याला?
उजव्या बाहीचं तिसरं बटण मी काळ्या दोऱ्याने लावलंय,
निळा संपला होता.
त्या रात्री ते बटण माझ्या डोळ्यांपुढून हललं नाही.

पुढच्या आठवड्यात सोकजू आला, हातात पेरांची पेटी.
लागला.
"हा कोट लाभतो, मावशी. गरजवंताला द्या."
मी पेर कापलं, दोघांनी उभ्यानेच खाल्लं.
गोड होतं, खोटं कशाला बोलू.

आणि काल गारम. दहावी खेप.
"सत्तावीसच द्या. सवय झालीय मला त्याची."
लाभतो म्हणावं त्याला?
की कुणाला लाभला ते सांगावं?
मी तोंडात टाचण्या धरल्या होत्या,
तेवढं बरं झालं.

तो गेल्यावर निळा दोरा उघडला, नवं रीळ.
आधी बटण.
मग बाह्या घेतल्या, त्याच्या मापाच्या,
आणि टाका घातला पक्का,
बारीक, उलट फिरून स्वतःत अडकणारा,
कारखान्यात शिकलेला.

नियमात बसत नाही.
परत आला तर उसवायला अर्धी सकाळ जाईल.
जाऊ दे.