मुका खांब

थंडी पडली की किकिंदाच्या चौकात घुबडं येतात.
मोजता मोजता मान अवघडते.
बर्चच्या उघड्या फांद्यांवर
दिवसभर गप्प बसून असतात,
पेन्शनच्या रांगेतल्या माणसांसारखी.

माझी आई म्हणायची,
धुराड्यावर घुबड बसलं की घरातलं कुणीतरी जातं.
आता त्यांना बघायला बस भरभरून परके येतात,
गळ्यात दुर्बिणी, तोंडातून वाफ,
आणि मी कोपऱ्यात टेबल मांडते.
अपशकुन, क्रोशाचा, मुठीएवढा.
तीनशे दिनार.

याला उरलेलीच लोकर लागते.
मुलाच्या स्वेटरची बाही:
तो लिंट्सला लिफ्ट दुरुस्त करतो,
बाही त्याला तेराव्या वर्षीच आखूड झाली.
एका टोपडयातला उरलेला पिवळा,
टोपडं घातलेल्या पोरीचं लग्न झालं
तरी तो संपायचं नाव घेत नाही.

आधी बोटाला वेढा, वेढ्यात सहा टाके.
मग बारा. मग अठरा.
मग वाढवायचं नाही, नुसतं गोल गोल जायचं,
मुक्या खांबांनी.
उंच खांबाच्या फटीतून आतलं डोकावतं.
मुका खांब घट्ट. काय भरलंय, कुणाला कळत नाही.
(जुने पायमोजे. कात्रणं. पुढचं विचारू नका.)
वरची कड चपटी करून शिवली
की दोन्ही कोपरे उभे राहतात.
इतकी वर्षं झाली, तरी दर वेळी वाटतं
मी काही केलं नाही,
त्यानंच कान टवकारले.

शेजारच्या एतेल्काशी माझं अकरा वर्षं बोलणं नाही.
अक्रोडाचं झाड तिचं, फांदी माझ्या अंगणात,
करवत माझ्या मिलोराडची.
आता मिलोराड नाही, तिचा देझोही नाही.
झाड आहे.
फांदी पुन्हा आलीये.

सप्टेंबरात तिची सून पिशवी देऊन गेली,
"सासूबाईंना सांगू नका, माळा आवरतेय."
आत मोहरीच्या रंगाची लोकर, उसवलेली, कुरळी.
उसवली तरी लोकर वीण विसरत नाही,
धुवून, ओली असतानाच वजन टांगावं लागतं.
मी धुतली, टांगली,
आणि दोरीवरच ओळखली.
हाच पुलोव्हर घालून देझो कुंपणावरून शिव्या द्यायचा,
हंगेरियनमधून,
मला कळत नाहीत असं समजून.

त्याचं घुबड करताना मोजणी दोनदा चुकली.
डोळ्यांना मिलोराडच्या शर्टाची बटणं लावली.
घरात दुसरी नव्हती असं नाही.

नोव्हेंबरात, मंगळवारी, ती टेबलापाशी आली.
हातमोजा काढला. बाकीच्या वीस-बावीस घुबडांवरून
नजर न फिरवता मोहरी उचललं,
पालथं करून तळाची गाठ पाहिली,
पाहतोच आपण,
मग अंगठ्यानं त्याचं पोट दाबत उभी राहिली.
मी वर झाडात बघत होते,
काही दिसत असल्यासारखी.

"किती?"
"तीनशे."
पाचशेची नोट दिली. मी सुटे मोजले, पुन्हा मोजले.
"एक डोळा खाली बसलाय."
"ठाऊक आहे."

जायची, पण गेली नाही.
तेवढ्यात वरून एकानं मान वळवली, अंग झाडलं,
आणि टप्पकन पांढरा थेंब पडला
लाल घुबडाच्या नेमका टाळूवर.
मी फडकं शोधेपर्यंत
तिनं स्वतःचा रुमाल काढून पुसला,
टाक्यांच्या दिशेनं, हलक्या हातानं.

"अक्रोड पोत्यात नुसते पडलेत," ती म्हणाली,
रुमालाची घडी घालत.
मला म्हणाली, की घुबडाला,
कळलं नाही.
मी म्हटलं, "बरं."