लाईट गेली नव्हती

विश्रामगृहाच्या दोन नंबर खोलीत चौकशी.
मे महिना, सोलापूर, पारा चव्वेचाळीस,
कूलरमधलं पाणी संपलंय, तो नुसताच घरघरतोय.
टेबलाशी आयोगाकडून आलेले साहेब,
डाव्या हाताला टंकलेखक नाईकनवरे,
आणि मधे मी,
महापालिकेच्या तेलुगू शाळेतला निवृत्त मास्तर,
दुभाषी म्हणून बोलावलेला, दिवसाला तीनशे रुपये
अधिक रिक्षाभाडं, पावती दिल्यास.

समोर राजव्वा गाजूल. विडी कामगार.
वय अंदाजे पंचावन्न.
अंदाजे हे मी लिहवलं; ती म्हणाली होती,
मोठ्या संपाच्या साली मी भिंत धरून उभी राहायचे.

तिचा नरहरी. मंगळवारी रात्री चौकीत नेला,
मोबाइल चोरीच्या संशयावरून.
बुधवारी पहाटे सिव्हिलमध्ये, चादरीखाली.
डायरीत नोंद : छातीत कळ.
डायरीत आणखी नोंद : रात्री अकरा ते दोन
वीजपुरवठा खंडित, सबब कॅमेरा बंद.

तुम्ही काय पाहिलं, साहेब विचारतात.
मी प्रश्न तिच्या भाषेत नेऊन ठेवतो.
ती म्हणते, आंघोळ मी घातली.
म्हणते, मोजले.
जन्मभर मोजतच आले, पंचवीसचा कट्टा,
चाळीस कट्ट्यांचे हजार,
मुकादम चुकतो, मी नाही चुकत.
पाठीवर नऊ. तळपायांना सहा.
मांडीच्या आतल्या अंगाला दोन,
ते त्याच्या बायकोला दाखवले नाहीत.
सतरा.

अहवालात चार आहेत.

तिचा शब्द होता देब्बा.
नाईकनवऱ्यांची बोटं थांबली. जखमा लिहू का, सर?
जखमा मोरीत घसरूनही होतात.
जखमेला कुणी करणारा लागत नाही.
अडतीस वर्षं मी फळ्यावर शब्दार्थ घातले,
डावीकडे तेलुगू, उजवीकडे मराठी, मधे खडूची रेघ,
आणि आज त्या रेघेवरच उभा आहे घसा कोरडा करून.
घाव, मी म्हणतो. घाव लिहा.
अंगावर राहतो तोही घाव
आणि घालतात तोही घावच.
साहेब चष्म्यावरून बघतात.
लिहा, म्हणतात.

मग सिद्राम म्याकल. चौकीच्या मागच्या बोळात
टॉवेलचे चार माग चालवतो.
त्याला दुभाषी लागत नाही. बोलतो मोठ्यानं,
खडखडाटात जन्म गेलेली माणसं बोलतात तसा.
तेलकट वही टेबलावर आपटून उघडतो :
सोमवार रातपाळी एकशे चार नग.
मंगळवार एकशे सहा.
बुधवार एकशे तीन.
फीडर एकच हाय की ओ, साहेब.
त्यांची गेली की आमची बी जाती.
तीन तास लाईट नव्हती म्हणता,
मग मंगळवारचं कापड काय भुतानं विणलं?

साहेब वही ताब्यात घेतात.
नाईकनवरे पान क्रमांक टाकतात.
सिद्राम उठत नाही.
लाईट असती गेली, तो म्हणतो,
आता एकदम हळू,
लाईट असती गेली तर माग थांबले असते.
माग थांबले असते तर ऐकू आलं असतं मला.
भिंत एकच हाय, साहेब.

हे कुठल्या रकान्यात घालायचं
कुणालाच कळत नाही.

राजव्वाचा अंगठा तीनदा घेतला.
पानं वळून वळून रेषा पुसल्या गेल्यात,
कागदावर नुसता निळा डाग.
चालत नाही असा, नाईकनवरे पुटपुटले.
मग शेजारी माझी सही, समक्ष म्हणून,
तीसुद्धा जरा कापलीच.

पुढची तारीख चोवीस जून.

बाहेर डांबर पायाला चिकटतंय.
रिक्षा थांबवताना ती पदर डोक्यावर ओढते, विचारते,
मास्तर, सतराच लिहिलंय ना?
सतराच.
आकड्यात?
आकड्यात लिहिलंय, म्हणतो मी, आणि अक्षरीसुद्धा.