सूज आणि बाळसं

लोसालिनेला उठायचंय.
चटईवरून. एवढंच.

आधी उजवा हात टेकते,
मग गुडघा, मग ओंडक्याची कड,
मग माझ्याकडे न बघता म्हणते,
"दवाखान्यात मोजतेस ना, इथंही मोज."
अकरा सेकंद. ती अजून अर्ध्यावर.

वावाउ बेटावर
सालीचं कापड ठोकणाऱ्या बायकांत
तिचा घाव वेगळा कळायचा, खाडीपलीकडूनही.
चौकोनी मोगरी, भिजलेली साल,
ठक् ठक्, आणि मध्ये एक ठोका गाळलेला.
त्या गाळलेल्या जागेत
लहानपणी मला झोप लागायची.

मग दमा.
मग पांढऱ्या गोळ्या, सकाळी खाल्ल्यावर, सहा वर्षं.
श्वास मिळाला, खोटं कशाला बोलू.
चेहरा गोल होत गेला, गाल तुकतुकीत.
चर्चमधल्या बायका म्हणाल्या, मानवलं गं तुला.
भरलेलं अंग म्हणजे इथे भरलेलं घर;
त्या घरात कुणी उपाशी आहे
हे कोणाच्या ध्यानात यावं?

राजधानीहून फिल्म आली.
मांडीचा आडवा काप: भोवती चरबीचं रुंद कडं,
मधोमध मूठभर मांस,
त्यातही वाळवीच्या वाटा.

डॉक्टर फोनवर बरंच बोलले.
मी तिला माझ्या शब्दांत सांगितलं:
वादळानंतर ओली लाकडं पेटत नाहीत
तेव्हा माणसं होडी फोडून चुलीत घालतात ना,
गोळी तसंच करते, मांस मोडून साखर.
आणि चरबी म्हणजे नुसतं ओझं नाही,
ती नारळाच्या सोडणासारखी आतल्या आत धुमसते,
धूर उरलेल्या मांसाला लागतो.

ती बराच वेळ गप्प.
"म्हणजे मी जाड आहे आणि हडकुळी पण?"
हो.
"एकाच वेळी?"
हो.
मग ती इतकी हसली की तिला धाप लागली.

गोळी एकदम सोडता येत नाही,
डॉक्टर सांगतील तशीच, पायरी-पायरीने.
तोवर पालथ्या बादलीवरून
दिवसातून पाच वेळा उठायचं, हात न टेकता.

आज मी सेकंद मोजले नाहीत.
तिची मोगरी घेतली, ओंडक्यावर ठोकली,
ठक् ठक्,
आणि गाळलेल्या ठोक्यावर ती उठली.
दुसऱ्यांदाही.
तिसऱ्यांदा मांड्या थरथरल्या, पण उठली.
चौथ्यांदा बसूनच राहिली.

"तुझा हात फार हलका पडतो," म्हणाली,
"आणि साल वाळतेय.
पाणी शिंपड आधी."