दुसऱ्या भागातलं तिसरं प्रेत

पहिल्या भागाला पैसा होता, पुण्याचा कॅमेरा होता.
कुणाला आठवत नाही.

दुसरा आम्ही दिंडोरीला काढला, अकरा रात्रींत,
भिकन थेटेच्या द्राक्षबागेत.
खुनी तोच, कात्रीही त्याचीच, छाटणीची.
रक्त म्हणजे बीट आणि काकवी.
मला मुंग्या लागल्या. मी तिसरं प्रेत.

मेल्यावर चौथ्या सेकंदाला माझं पोट हलतं.
जनरेटरमधलं डिझेल संपलेलं,
तसंच ठेवलं.

आता दर पौष अमावस्येला, नाशिकरोडच्या थेटरात,
सातपूरची सेकंड शिफ्ट सुटून येते
चिवड्याच्या पुड्या घेऊन.
"श्वास घे रे, मेल्या!"
आणि मी घेतो.

दिवसभर अंबडला मी गेज लावून चुका पकडतो.
तिथे केसभर चुकलं की जॉब भंगारात.

कात्री उगारताना भिकनचं घड्याळ दिसतं.
पोरं एका सुरात वेळ सांगतात: पावणेचार!

भिकन यंदा छाटणीच्या दिवसांत गेला.
सिव्हिलमध्ये, खराखुरा.
पडद्यावर घड्याळ आलं,
थेटर गप्प.
मग मागून कुणी बाई, हळूच: पावणेचार.
मग सगळेच.

पुढचा शॉट माझा होता.
खुर्चीत मी पोट आत ओढून बसलो.